जमत नाही की परवानगी नाही?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातल्या, एखाद्या शाळेतला प्रसंग डोळ्यांपुढे आणू या. शाळा समजा अकोले तालुक्यातली. सातवीच्या वर्गाला ज्वालामुखीवरची फिल्म दाखवायची आहे. ही फिल्म मुळात शाळेच्या कपाटातल्या डीव्हीडीवरची. डीव्हीडी लावायचे यंत्र केव्हाच बंद पडले, म्हणून कोणीतरी ती उतरवून पेनड्राइव्हवर दिली आणि तिथून ती बाईंच्या मोबाइलमध्ये आली. मोबाइल प्रोजेक्टरला जोडला, खिडक्यांना चादरी लावल्या, मुले दाटीवाटीने बसली. डोंगर फुटला, लाव्हा वाहू लागला, पण आवाज मात्र नाही. पडद्यावर क्षणभर एक ओळ चमकून गेली. तिचा अर्थ असा की, या ऑडिओ फॉरमॅटला सपोर्ट नाही.

बाईंनी आवाज वाढवून पाहिला, स्पीकरची वायर हलवून पाहिली, मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. शेवटी मागच्या रांगेतून निदान झाले, "बाई, मोबाइल बिघडला!" दुसऱ्या दिवशी तीच फाइल शेजारच्या वर्गावरच्या सरांच्या मोबाइलवर खणखणीत बोलू लागली. मग तर बाईंचा मोबाइल बिघडल्याची सगळ्यांची खात्रीच पटली.

असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. निदान चुकीचे आहे. मोबाइल बिघडलेला नाही, फाइल खराब नाही, स्पीकरही ठीक आहे. मग अडले कुठे? पाठ्यपुस्तकाचे आपण परीक्षण करतो, शैक्षणिक साहित्याचे करतो. आता मोबाइलवरचा व्हिडिओ प्लेअर हेही वर्गातले साधन झाले आहे, तेव्हा त्याचेही परीक्षण व्हायला हवे. प्रस्तुत लेखात आपण दोन गोष्टी तपासणार आहोत. एक, पडद्यावर येणारी ती ओळ. दुसरी, तिच्यावर काही प्लेअरनी काढलेला तोडगा. या तोडग्याला 'कस्टम कोडेक' म्हणतात, म्हणजे आवाज उलगडणारा भाग बाहेरून आणून प्लेअरला जोडण्याची सोय.

डबा आणि त्यातले कप्पे

व्हिडिओची फाइल म्हणजे एक डबा आहे, असे समजू या. एमपी४ किंवा एमकेव्ही ही नावे डब्याची आहेत. डब्याच्या एका कप्प्यात चित्र असते, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात असलीच तर खाली उमटणारी अक्षरे. डब्याच्या नावावरून आत कोणती भाजी आहे हे कळत नाही, तसेच फाइलच्या नावावरून आतला आवाज कोणत्या पद्धतीने भरला आहे हे नेहमी कळत नाही. ज्या फाइलमध्ये चित्र चालते आणि आवाज चालत नाही, तिच्यात एक कप्पा उघडला आहे आणि एक उघडलेला नाही, इतकेच.

आवाज 'भरण्याची' पद्धत लागते कशासाठी? थोडे गणित करू. सीडीवरच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह असतात. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. ४५ मिनिटांच्या एका तासिकेसाठी नुसत्या आवाजालाच सुमारे ४७६ मेगाबाइट जागा लागेल. हाच आवाज एएसी या पद्धतीने सेकंदाला १,२८,००० बिटांत बसवला, तर ती जागा सुमारे ४३ मेगाबाइटवर येते, म्हणजे अकरावा हिस्सा.

उरलेले दहा हिस्से गेले कुठे? येथे भौतिकशास्त्राला कानाचे शास्त्र येऊन मिळते. पिठाच्या गिरणीत उभे राहून शेजाऱ्याशी हळू बोलून पाहा. ओठ हलतात, हवा कंप पावते, शब्द कानापर्यंत पोहोचतातही. पण गिरणीच्या घरघरीत ते ऐकू येत नाहीत. मोठा आवाज जवळच्या कंप्रतेच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. जे कानाला ऐकूच येणार नाही ते काटेकोरपणे लिहून ठेवण्यात अर्थ काय? एएसी, एमपी३, एसी-३ या सगळ्या पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत. कोणता आवाज किती झाकला जातो याचा हिशेब करून, झाकलेला भाग त्या ढोबळपणे लिहितात किंवा गाळतात. आवाज असा आवळून लिहिणारा तो कोडर आणि लिहिलेले पुन्हा उलगडणारा तो डिकोडर. या जोडीला मिळून 'कोडेक' म्हणतात.

आपल्याकडचा मोडीचा दाखला येथे फार उपयोगी पडतो. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदपत्रे आहेत. अनेकांच्या घरीही जमिनीचा एखादा जुना मोडी कागद ट्रंकेत असतो. हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून मोडीने अक्षरे वळवली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा सोडून दिला, आणि 'राजमान्य राजश्री' हे 'रा. रा.' एवढ्यावर आणले. वाचणारा संदर्भाने ते भरून काढणार, हे गृहीत होते. म्हणजे मोडी हेही एक प्रकारचे आवळून लिहिणेच. आता ट्रंकेतला तो कागद आपण उघडतो. कागद शाबूत आहे, शाई स्पष्ट आहे, आपले डोळेही चांगले आहेत, तरी अर्थ लागत नाही. मोडी वाचणारा माणूस आला की तोच कागद बोलू लागतो. बाईंच्या मोबाइलमध्ये नेमके हेच झाले. कागद होता, वाचणारा नव्हता.

डिकोडर नसताना ते बिट तसेच स्पीकरकडे पाठवले असते, तर नुसती खरखर ऐकू आली असती. म्हणून प्लेअर गप्प राहतो, हे योग्यच आहे.

वाचणारा गेला कुठे?

डीव्हीडीवरच्या फिल्मचा आवाज बहुधा एसी-३ पद्धतीचा असतो. ही डॉल्बी कंपनीची पद्धत. १९९२ मध्ये ती चित्रपटगृहांत आली आणि पुढे डीव्हीडीवर रुळली. समोरचे तीन, बाजूचे दोन आणि ढोल-गडगडाटासाठी एक, असे सहा प्रवाह ती एकत्र बांधते. सहा प्रवाह न आवळता लिहिले, तर सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट होतात. एसी-३ ते ३,८४,००० बिटांतही बसवू शकते. तिच्यानंतर ईएसी-३ ही सुधारित पद्धत आली. १९९३ पासून चित्रपटगृहांत वापरात आलेली डीटीएस ही दुसऱ्या कंपनीची पद्धत.

या पद्धती उलगडणारा प्रोग्राम लिहिणे अवघड राहिलेले नाही. २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने 'एफएफएम्पेग' नावाचा मुक्त प्रकल्प सुरू केला. त्यात आज एसी-३, ईएसी-३, डीटीएस या सगळ्यांचे डिकोडर आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात. मोबाइलवरच्या अनेक प्लेअरच्या पोटात हाच एफएफएम्पेग असतो. म्हणजे ज्ञान आहे, प्रोग्राम आहे, आणि आजच्या साध्या मोबाइललाही हे काम सहज झेपते.

अडचण पेटंटची आहे. या पद्धतींवर कंपन्यांनी पेटंट घेतले होते. पेटंट असेपर्यंत डिकोडर वापरून माल विकणाऱ्याने परवाना घ्यायचा आणि त्यासाठी पैसे मोजायचे. मोबाइल बनवणाऱ्या काही कंपन्या हा परवाना घेतात आणि डिकोडर मोबाइलमध्येच बसवून देतात. काही घेत नाहीत. सरांच्या मोबाइलवर आवाज आला आणि बाईंच्या मोबाइलवर आला नाही, याचा उलगडा बहुधा येथे होतो. दोन मोबाइलमधला हा फरक बिघाडाचा नसून परवान्याचा आहे.

आपल्याकडे घराघरांत पोहोचलेला एमएक्स प्लेअर हे याचे ठळक उदाहरण. तो दक्षिण कोरियातल्या एका लहान कंपनीने तयार केला. २०१८ मध्ये तो भारतातल्या टाइम्स इंटरनेटने घेतला, आणि २०२४ मध्ये त्याच्या मालमत्तेचा काही भाग अ‍ॅमेझॉनने घेतला. सुरुवातीच्या काळात हा प्लेअर एसी-३ आणि डीटीएस वाजवत असे. पुढे परवान्याच्या कारणावरून ते डिकोडर त्यातून काढून टाकण्यात आले. म्हणजे जे काल येत होते ते नव्या आवृत्तीत येईनासे झाले.

तोडगा कसा चालतो?

डिकोडर काढताना या प्लेअरने एक वाट मात्र मोकळी ठेवली. सेटिंगमध्ये डिकोडरच्या पानावर 'कस्टम कोडेक' असा एक पर्याय दिला. प्लेअर आपल्यासोबत एफएफएम्पेगची जी कापलेली आवृत्ती आणतो, तिच्या जागी वापरणाऱ्याने पूर्ण आवृत्तीची फाइल दाखवायची. प्लेअर ती उचलतो, पुन्हा सुरू होतो, आणि मुका झालेला आवाज परत येतो.

ही फाइल येते कुठून? एफएफएम्पेगचा परवाना असा आहे की, तो आपल्या प्रोग्राममध्ये वापरणाऱ्याने त्यातला एफएफएम्पेगचा मूळ मजकूर लोकांना उपलब्ध करून दिला पाहिजे, आणि कोणी त्यात बदल करून तो भाग पुन्हा जोडू पाहिला तर त्याला तसे करता आले पाहिजे. प्लेअरच्या निर्मात्यांनी तो मजकूर प्रसिद्ध केला. उत्साही प्रोग्रामरांनी त्यात गाळलेले डिकोडर पुन्हा घालून फाइल तयार केल्या आणि इतरांना दिल्या.

फाइल जोडताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य प्रोसेसरचे. ही फाइल म्हणजे थेट यंत्राच्या भाषेतल्या आज्ञा. जुन्या ३२ बिटांच्या प्रोसेसरच्या आज्ञा वेगळ्या आणि नव्या ६४ बिटांच्या वेगळ्या, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. दुसरे पथ्य आवृत्तीचे. प्लेअर आणि कोडेक यांच्यात बोलणे कसे व्हायचे हे आवृत्तीगणिक बदलू शकते, म्हणून प्लेअरला हवा असलेला आवृत्तीक्रमांक जुळला पाहिजे. तो क्रमांक प्लेअर त्याच पानावर दाखवतो.

गुण आणि दोष

प्रथम गुण. डिकोडर काढून निर्मात्यांना हात झटकता आले असते. तसे न करता त्यांनी वापरणाऱ्यासाठी बाजूचे दार ठेवले. मुक्त प्रोग्रामचा परवाना कागदावर न राहता प्रत्यक्षात काय देऊ शकतो, याचा हा चांगला नमुना आहे. एका कायद्याने वाट अडवली आणि दुसऱ्या परवान्याने ती मोकळी ठेवली, हे दोन्ही एकाच प्लेअरमध्ये पाहायला मिळते. शिवाय या सोयीमुळे अनेक तरुणांना प्रथमच कळले की प्लेअर हा एकसंध दगड नाही. त्याचे भाग सुटे होतात, बदलता येतात.

आता दोष. पहिला दोष सुरक्षिततेचा. बाहेरून आणलेली ही फाइल प्लेअरच्या अंगात शिरून चालते. प्लेअरला मोबाइलमधले जे जे पाहण्याची मुभा आहे, ते ते तिलाही पाहता येते. ती कोणी बनवली, तिच्यात आणखी काय घातले आहे, हे सामान्य शिक्षकाला तपासता येणार नाही. एकीकडे आपण मुलांना अनोळखी फाइल उघडू नका असे सांगतो, आणि दुसरीकडे आवाजासाठी हेच करायला शिकवतो, हे बरे नाही.

दुसरा दोष टिकाऊपणाचा. प्लेअरची नवी आवृत्ती आली की जुना कोडेक न जुळण्याची शक्यता असते, आणि नेमक्या तासिकेच्या वेळी फिल्म पुन्हा मुकी होते. ज्याला हे उमगले आहे तो नवी फाइल शोधतो. ज्याला नाही तो मोबाइलला दोष देऊन गप्प बसतो.

तिसरा दोष मला सर्वांत मोठा वाटतो, आणि तो त्या एका ओळीचा आहे. 'सपोर्ट नाही' या वाक्याला कर्ता नाही. कोणी दिला नाही? दिलेला होता तो काढला का? कशासाठी? यातले काहीच ते सांगत नाही. वाचणाऱ्याला वाटते की ही गोष्ट यंत्राला जमतच नाही. वास्तविक ती यंत्राला उत्तम जमते. तिला परवानगी नाही. 'जमत नाही' आणि 'परवानगी नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निसर्गनियमांची आणि यंत्राच्या कुवतीची, दुसरी माणसामाणसांतल्या कराराची. विज्ञान शिकवणाऱ्याने निदान या दोहोंत गल्लत होऊ देता कामा नये.

हा भेद किती खरा आहे हे २०१७ सालाने दाखवले. त्या वर्षी २३ एप्रिलला एमपी३ चा परवाना देण्याचे काम मूळ संस्थेने बंद केले, आणि एसी-३ ची पेटंटेही त्याच वर्षी संपली. त्या तारखांना निसर्गात काही बदलले नाही, कोणता शोध लागला नाही, मोबाइलची ताकद वाढली नाही. तरी जे परवान्याविना करता येत नव्हते ते करता येऊ लागले. ईएसी-३ नंतरची असल्याने तिचा हिशेब वेगळा राहिला.

एवढीच ओळ पुढीलप्रमाणे लिहिता आली असती: या फाइलमध्ये आवाज आहे, तो एसी-३ पद्धतीचा आहे, त्याचा डिकोडर परवान्याच्या कारणाने या प्लेअरमध्ये ठेवलेला नाही. जागा थोडी जास्त लागेल, पण बाईंचा मोबाइल निर्दोष ठरेल.

कायद्याचाही भूगोल

येथे कोणी विचारेल, पेटंट अमेरिकेतले, मग नगर जिल्ह्यातल्या वर्गात आवाज का बंद व्हावा? प्रश्न रास्त आहे. पेटंट देशादेशाचे वेगळे असते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३ (के) नुसार गणिती पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. पण म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. प्रोग्रामला यंत्राची जोड असेल तर काय, यावर वाद होतात, आणि २०१६ मध्ये डॉल्बीने मोबाइल विकणाऱ्या काही कंपन्यांना पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयात खेचले होते. शिवाय एकच प्लेअर साऱ्या जगात पाठवणारी कंपनी बहुधा सर्वांत कडक देशाचा नियम सर्वांना लावून मोकळी होते. तिला ते स्वस्त पडते. किंमत मात्र अकोल्यातला वर्ग मोजतो.

याउलट व्हीएलसी हा प्लेअर पाहा. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. २००१ पासून तो मुक्त आहे. फ्रान्सच्या कायद्यात निव्वळ प्रोग्रामला पेटंट नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी सगळे डिकोडर आतच ठेवले. त्यामुळे तेथे बाहेरची फाइल जोडण्याचा प्रश्न उरत नाही. दोन्ही प्लेअर मोठ्या अंशी त्याच एफएफएम्पेगवर चालतात. फरक आहे तो पत्त्याचा आणि भूमिकेचा.

पेटंट म्हणजे लबाडी, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. कान काय ऐकतो आणि काय सोडून देतो हे शोधायला वर्षानुवर्षे संशोधन लागले आहे, आणि त्याचा मोबदला मागण्यात गैर नाही. मुदतीनंतर ते ज्ञान सर्वांचे होते, हा त्या करारातला दुसरा भाग आहे. तक्रार आहे ती करार लपवण्याबद्दल.

मग शाळेने काय करावे?

शाळेसाठी माझे मत स्पष्ट आहे. बाहेरून कोडेक जोडण्याच्या फंदात न पडता, शक्य तेथे सर्व डिकोडर आतच असलेला मुक्त प्लेअर त्याच्या अधिकृत ठिकाणाहून घ्यावा. तेही नको असेल, तर संगणकावर फाइलचा फक्त आवाजाचा कप्पा एएसीमध्ये बदलून घ्यावा. चित्राला हात लावावा लागत नाही, त्यामुळे काम लवकर होते आणि चित्राचा दर्जाही घसरत नाही. आपण स्वतः पाठ ध्वनिमुद्रित करत असू, तर एमपी४ डबा आणि एएसी आवाज हीच जोडी ठेवावी. ती आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलवर चालते. आणि फिल्म दाखवण्याच्या आदल्या दिवशी, ज्या मोबाइलवर दाखवायची त्याच मोबाइलवर एकदा लावून पाहावी.

मुलांसाठी एक खेळ सुचवतो. वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाला एक वाक्य द्या आणि त्यातील सर्व स्वरचिन्हे गाळून पाटीवर लिहायला सांगा. 'पावसाने वाट अडवली' याचे होईल 'पवसन वट अडवल'. दुसऱ्या गटाला नियम सांगा. थोड्या प्रयत्नाने ते वाक्य उलगडतील. तिसऱ्या गटाला दोन फेऱ्या द्या. पहिल्या फेरीत त्यांना अक्षरांची अदलाबदल केलेले वाक्य द्या, पण नियम देऊ नका. ते अडतील. दुसऱ्या फेरीत नियमाचा कागद घडी करून त्यांच्यासमोर ठेवा, आणि सांगा की तो उघडायला दहा पेन्सिली भराव्या लागतील. बहुधा ते पुन्हा गप्पच बसतील.

मग विचारा: दोन्ही वेळा तुम्ही गप्पच होतात. दोन्ही गप्प बसण्यांत फरक काय?

उत्तर मुले देतील. ते दिले की त्या दिवशीच्या मुक्या ज्वालामुखीची फिल्म पुन्हा लावा, या वेळी आवाजासकट.